खडूची ओल

पोलादी टेप, टोकाला शिशाचं वजन.
खालच्या दोन मीटरला निळा खडू चोळायचा
आणि विहिरीत सोडायची, हळू.
वर ओढल्यावर खडू जिथवर गडद झाला
तिथवर पाणी.
बाकी सगळी वजाबाकी.

अशी मी जिंतूर तालुक्यात एकतीस वर्षं
सरकारची वजाबाकी केली.
जानेवारी, मार्च, मे, ऑक्टोबर,
लुनावर, मागं डबा अन् रजिस्टर.
लेकरं ओरडायची,
आला रे, विहिरीची नाडी बघणारा!

आता वैजयंता बघते.
नांदेडात, भाड्याच्या खोलीत, पंख्याखाली बसून
ती बर्फ मोजते.
ग्रीनलंडचा. अंटार्क्टिकाचा.
मी बर्फ पाहिला तो बसस्टँडमागच्या कारखान्यातला,
भुश्शात गुंडाळलेली लादी, लग्नसराईत
सायकलच्या कॅरिअरवरून रस्ताभर ठिबकत जाणारी.
मांडवात पोचेस्तोवर किती उरली
यावरून भांडणं व्हायची.

"काय सोडून मोजतेस?"
"काहीच सोडत नाही, दादा. दोन उपग्रह आहेत,
एकामागं एक पळतात.
मधलं अंतर नांदेड ते औरंगाबाद एवढं,
रस्त्यानं नव्हे, कावळ्याच्या वाटेनं.
पुढचा बर्फाजवळ आला की बर्फ त्याला ओढतो,
तो जरासा पुढं सटकतो. मग मागच्याची पाळी."
"जरासा म्हणजे?"
तिनं डोक्यातला एक केस उपटून माझ्या तळव्यावर ठेवला.
"याच्याहून कितीतरी बारीक."

नांदेड ते औरंगाबाद
आणि त्यात केसाहून बारीक!
मी सेंटिमीटरच्या खाली कधी उतरलो नाही.

"दरसाल ओढ कमी होत चाललीय,"
ती स्क्रीनकडं बघत म्हणाली.
ती बर्फाबद्दलच बोलत होती.

स्क्रीनवर निळी रेघ, उतरणीला लागलेली,
हिवाळ्यात चार बोटं चढून पुन्हा खाली,
आमच्या रजिस्टरातल्या रेघांची चुलतबहीण.
एका जागी तुटलेली.
"इथं काय झालं?"
"जुनी जोडी थकली. नवी वर जायला अकरा महिने गेले."
"मग तेवढे आकडे?"
"नाहीत."
"अलीकडचा घ्यायचा, पलीकडचा घ्यायचा, मधला काढायचा."
"काढता येतो की. पण तो मोजलेला नसतो, दादा."
एवढं बोलून ती चहा ठेवायला उठली.

वडाळी. विहीर नंबर सतरा. मे, ब्याण्णव.
लुनातलं पेट्रोल संपलेलं, ऊन बेचाळीस,
विहीर अजून चार किलोमीटर.
चिंचेखाली बसून मी लिहिलं
नऊ पूर्णांक चाळीस.
मागल्या मेचा आठवत होता, मार्चचा समोर होता,
दोघांच्या मांडीला मांडी लागेल असा बसवला.
कुणी विचारलं नाही.
त्या आकड्यावर कुठल्याशा टेबलावर
वडाळीचं काही ठरलं असेल,
नसेलही ठरलं.

चहा घेताना विचारलं,
"तुझ्या त्या जोडीला आमची सतरा नंबर दिसते का गं?"
ती हसली. "त्यांना अख्खा मराठवाडा म्हणजे एक ठिपका."
मला बरं वाटलं.
कप खाली ठेवेपर्यंतच.

मेच्या पहिल्या आठवड्यात वडाळीला गेलो, एसटीनं.
विहिरीवर लोखंडी जाळी, बाजूला तीन बोअर,
एक पोरगं मोबाइल घेऊन कठड्यावर बसलेलं.
"काय पडलं आजोबा तुमचं आत?"
मी जाळीतून टेप सोडली.
शिसं तळाला टेकलं तेव्हा
दगडावर दगड आपटल्याचा आवाज आला.
खडू निळा होता तसाच निळा.

रात्री खिशातली जुनी डायरी शोधली.
नऊ पूर्णांक चाळीसवर रेघ मारली,
रकाना तसाच ठेवला.
मग सवयीनं फडकं घेऊन टेप पुसायला बसलो,
सगळी, शेवटच्या मीटरपर्यंत.
कोरडीच होती.